सहावी ब मधली ओली रेघ

शाळेच्या कचेरीतल्या लेखनिक बाईंना दोन गोष्टी उत्तम यायच्या. एक, कुठलाही दाखला पाच मिनिटांत बिनचूक टाईप करणं. दुसरी, माणसाला बघताक्षणी चपखल बसेल असं टोपणनाव ठेवणं. मुख्याध्यापकांना त्यांनी 'थर्मास' केलं होतं, कारण आत काय उकळतंय ते बाहेर कधी कळायचं नाही. विज्ञानाचे सर 'भिंग', कारण मुंगीएवढी गोष्ट ते हत्तीएवढी करून सांगायचे. शिक्षक पोट धरधरून हसायचे आणि बाई साळसूद चेहऱ्याने पुढचा दाखला टाईप करायला घ्यायच्या.

सहावी ब मध्ये नवीन मुलगी आली, तेव्हा प्रवेशाचा फॉर्म भरायला तिला पाऊण तास लागला. एकेक अक्षर ती कोरून काढत होती. एवढीशी पोर आणि पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. ती बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "गोगलगाय नि पोटात पाय!" मनात वाईट काही नव्हतं, जिभेला हाड नव्हतं एवढंच. सगळे हसले. हजेरीपट न्यायला दारात उभी असलेली सहावी ब ची मॉनिटरही हसली.

हजेरीपट रोज सकाळी कचेरीतून वर्गात जायचा. त्या दिवशी त्याच्याबरोबर हे नावही वर गेलं.

पंधरा दिवसांनी शिपाईमामा कुरकुरत आले. "बाई, रोज कोणीतरी जिन्यात काहीतरी सांडतंय. पुसून पुसून कंबर मोडली माझी."

बाईंनी जाऊन पाहिलं. फाटकापासून निघालेली, बोटभर रुंद, ओली रेघ. पटांगण ओलांडून, जिना चढून, थेट सहावी ब च्या शेवटच्या बाकापर्यंत. वाळली की चांदीसारखी चमकायची. मामा ती पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच असायची. एकही दिवस खाडा नाही. अशी हजेरी शिक्षकांचीही नव्हती.

"पाईप गळतोय," थर्मास म्हणाले. प्लंबर आला. त्याने गुडघ्यांवर बसून रेघेला बोट लावलं, चिकटलेलं बोट पँटला पुसलं आणि हत्यारांची पिशवी बंद केली.

"बाई, तीस वर्षं नळ दुरुस्त करतोय. पाणी जिना उतरतं. हे चढलंय."

"मग आता?"

"चढणारं पाणी आपल्या धंद्यात येत नाही," तो म्हणाला आणि समोर आलेला चहाही न घेता चालता झाला.

त्याच दुपारी भिंगसर तावातावाने कचेरीत आले. "प्रयोगशाळेतलं सगळं मीठ गायब! भरलेली बरणी होती!"

"बघा कोणी खाल्ल्या मिठाला जागतंय का," थर्मास म्हणाले. सगळे खो खो हसले. बाईंना मात्र हसू फुटेना. सकाळी परिपत्रक द्यायला त्या सहावी ब मध्ये गेल्या होत्या, तेव्हा शेवटच्या बाकावर पांढरी पूड दिसली होती. खडूची समजून त्यांनी ती बोटाने झटकली होती. आता त्यांनी तेच बोट हळूच जिभेला लावलं.

"सर, सहावी ब ला सध्या काय शिकवताय?" त्यांनी विचारलं.

"गोगलगाय. तिच्यावर मीठ टाकलं की ती आक्रसते, तडफडते. मुलांना फार आवडला हो धडा!"

मधल्या सुट्टीत बाई वर गेल्या. वर्ग रिकामा होता. शेवटच्या बाकावर ती एकटी, मान खांद्यांत ओढून बसली होती. दप्तर पाठीवरच.

"अगं, दप्तर काढून ठेव की."

"निघत नाही," ती सावकाश म्हणाली.

बाईंनी मदतीला हात घातला. दप्तराचं कापड गार लागलं. कडक लागलं. आणि ते आतल्या बाजूला गोल गोल वळत गेलं होतं. बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तडक मुख्याध्यापकांची खोली गाठली.

"सर, त्या नव्या मुलीला वर्गात छळताहेत."

"मुलं आहेत, मस्करी चालायचीच. आपल्या वेळी काय कमी होतं? अशाने मन घट्ट होतं."

"मन नाही सर, पाठ घट्ट झालीय."

थर्मासांनी यावर खोल विचार केला आणि फाटकाजवळ 'छळमुक्त शाळा' असा मोठा फलक लावून घेतला. दुसऱ्या दिवशी रेघ त्या फलकाला वळसा घालून आत आली.

फलक लावल्याच्या पाचव्या दिवशी मॉनिटर हजेरीपट घेऊन परत कचेरीत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, तिची हजेरी कशी मांडू? ती बाकावर आहे. पण दिसत नाही."

बाई धावल्या. पन्नाशीच्या गुडघ्यांनी जिना कसा चढला, ते त्यांनाच ठाऊक.

भिंगसर फळ्याकडे तोंड करून उभे होते. मागे वळायला ते तयार नव्हते.

शेवटच्या बाकावर तपकिरी, गोल काहीतरी होतं. दप्तराएवढं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलाची मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीतून पांढरे कण गळत होते.

बाईंना इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी त्या बोलल्या. "ते नाव मी ठेवलं. चार माणसं हसावीत म्हणून. माझं चुकलं. ते नाव मी परत घेते."

मग त्या मूठ मिटलेल्या मुलाकडे वळल्या.

"मूठ उघड. खिडकीबाहेर टाक ते."

मीठ बाहेर गेलं.

"मी तर नुसती हसत होते," मॉनिटर रडत म्हणाली.

"मीही नुसती हसलेच होते," बाई म्हणाल्या. "जा, तिच्याजवळ बस."

मॉनिटर गेली. तिने रुमालाने बाक पुसला. मग त्या गोलाला तोंड लावून तिने नवीन मुलीचं खरं नाव घेतलं.

उत्तर आलं नाही.

दुसऱ्यांदा पाच-सहा जणांनी घेतलं.

तिसऱ्यांदा सगळ्या वर्गाने.

आतून, फार लांबून आल्यासारखा, आवाज आला.

"हजर."

त्यानंतर रेघ आली नाही. मुलगी अजूनही सावकाशच लिहायची, पण आता शेजारी मॉनिटर असायची आणि वर्ग तिच्यासाठी थांबायचा. मुख्याध्यापकांनी सगळं श्रेय फलकाला दिलं. बाईंनी टोपणनावं सोडली. कितीतरी वेळा एखादं अगदी ओठांवर यायचं, मग त्या पाण्याचा घोट घेऊन ते गिळून टाकायच्या.

एका शनिवारी शाळा सुटून तास झाला होता. बाई कुलूप लावायच्या बेतात होत्या, तेवढ्यात शिपाईमामा फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. तपकिरी, गोल, दप्तराएवढा शंख.

"सहावी ब च्या शेवटच्या बाकाखाली मिळाला. रिकामा आहे."

बाईंनी तो बोटाने ढकलून पाहिला. पापडासारखा हलका. त्यांना एवढं हायसं वाटलं की त्या चक्क हसल्या. "सुटली बिचारी! द्या टाकून, मामा."

मामा हसले नाहीत. "सातवीतही आहेत, बाई. तीन. आठवीत दोन."

"मग तेही आणायचे ना एकदमच."

"गेलो होतो उचलायला," मामा म्हणाले. "जड आहेत."