उकंडरावांचं कलकत्ता

नांदुऱ्याच्या उकंडरावांनी तीन महानगरं मनसोक्त उपभोगली होती, आणि तिन्हींत पाऊल टाकलं नव्हतं.

त्याचं असं झालं. जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर शहरांची नावं रंगवायचं त्यांचं काम. मुंबई, अहमदाबाद, कलकत्ता. लग्नाच्या बोलणीत उंद्रीच्या मंडळींनी विचारलं, मुलगा कुठंकुठं राहून आला? उकंडरावांच्या हाताला बसलेली तीनच नावं तोंडून बाहेर पडली. पोरगी मिळाली.

मग बायकोला, सोजराबाईंना, रोज जेवताना शहर वाढणं आलं. मुंबईचा समुद्र, अहमदाबादचे पतंग. कलकत्ता मात्र रविवारी, निवांतपणे. तिथं त्यांची तिसऱ्या मजल्यावर खोली होती, खिडकीला हिरव्या झडपा होत्या, आणि शेजारी सोन्याच्या दाताची एक बाई होती. ती मासेवाल्याशी तासभर भांडायची आणि मग त्यालाच चहा पाजायची. ही बाई उकंडरावांनी वांग्याच्या भाजीचा दुसरा घास घेता घेता रचली होती. सोजराबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. त्या हसण्यासाठी उकंडरावांनी बारा वर्षं कलकत्ता चालवलं.

चौसष्ट साली मेहुणे उत्तमरावांनी बहिणीची हौस म्हणून दोन तिकिटं काढून आणली. कलकत्त्याची.

उकंडरावांची भूक गेली. नवरा खोटारडा निघाला याचं बाईला फार वाटणार नाही, पण ती तशी पुन्हा हसणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पोट दुखवून पाहिलं. सोजराबाईंनी गाणं गुणगुणत ट्रंकेत ओवा टाकला.

सकाळी टांगेवाला कय्यूम ट्रंक चढवताना म्हणाला, "परत चालले का, काका? यंदा लवकर."

उकंडरावांनी तो टोमणा समजून गिळला.

स्टेशनात हमालानं काही न विचारता ट्रंक फलाटाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. इथंच काऊन, असं विचारल्यावर तो म्हणाला, नेहमीचा डबा इथंच लागते.

उकंडरावांनी धीर केला.

"सोजरा, तुले एक गोष्ट सांगाची हाये. मी त्या कलकत्त्याले कधी..."

"गाडीत सांगजा," सोजराबाई म्हणाल्या. "थे पाहा, आलीच."

डबा ट्रंकेसमोर थांबला. दोघं चढले. खिडकीपाशी बसलेल्या बाईनं मान वळवून तोंडभर हसून पाहिलं. दात सोन्याचा होता.

"उकंडबाबू," ती म्हणाली, "इतने दिन?"

उकंडराव उभेच राहिले.

सोजराबाईंनी पदर सावरला, बाईच्या शेजारी ऐसपैस बसल्या आणि बोलू लागल्या. मासेवाल्याची खुशाली विचारली. झडपांना रंग दिला का, विचारलं. दोघी खिदळल्या. सोजराबाईंना ठसका लागला, अगदी तसाच.

हे सगळं बंगालीत चाललं होतं.

उकंडरावांना बंगाली येत नव्हती. एक शब्दही नाही. त्यांना अक्षर न् अक्षर कळत होतं.

"यांच्याकडे लक्ष देऊ नका," सोजराबाई त्या बाईला सांगत होत्या. "गाडी हलेपर्यंत यांना काही आठवत नाही. दर खेपेला असंच."

गाडी हलली.

उकंडरावांचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली हाताला लागली. उबदार होती, कुणी आत्ताच कुलूप लावून ठेवावी तशी.