थोडक्यात सांग, आस्गर

वारा पावसाला आडवा मारत होता आणि मी बसथांब्यावर उभी राहून मोठमोठ्याने एकटीच बडबडत होते. परीक्षा तोंडावर आली की माणसं काय वाटेल ते करतात.

"...आणि भाऊ बोटीतून उतरतो, इतक्या वर्षांनी हं! आणि म्हातारा काय करतो? बटाटे सोलत बसतो! तोंडातून एक शब्द नाही. भाऊ बिचारा दारात भिजतोय—"

"मग? घरात घेतलं का त्याला?"

मी दचकून वळले. मागे एक उंच मुलगा उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि त्यामागचे डोळे अगदी काळजीने माझ्याकडे बघत होते.

"तुझी बस गेली," मी म्हटलं.

"जाऊ दे. घेतलं का घरात?"

"घेतलं. पण तोवर बटाटे करपले."

"अरेरे! तुझ्या नात्यातले का गं हे?"

"छे! डॅनिशच्या तोंडी परीक्षेची गोष्ट आहे. विश्लेषणाची तयारी करतेय."

तो हसायला लागला. मग माझा चेहरा बघून आवरलं त्याने. "रागावू नकोस... पण हे विश्लेषण नाही. सारांश आहे. फार गोड सारांश आहे, पण... यात नापास करतात."

"केलंय एकदा," मी म्हटलं आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीच आलं.

मला सुईण व्हायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही मनातच नाही. पण शाळा मी मध्येच सोडलेली, त्यामुळे सकाळी आल्बोर्गच्या एका बेकरीत पावाचं पीठ मळायचं आणि दुपारी मोठ्यांच्या कॉलेजात बसायचं, असं चाललेलं. सगळे विषय सुटले, डॅनिश राहिलं. आमच्या बाई, बिर्गिटे, गेल्या वेळी म्हणाल्या होत्या, "मायकेन, गोष्ट तू माझ्याहून छान सांगतेस. पण मी ती वाचलीय गं!" ह्या खेपेला गेलं असतं तर सुईणीच्या शिक्षणाचा नाद सोडावाच लागला असता.

त्या मुलाचं नाव आस्गर. विद्यापीठात साहित्य शिकत होता. त्यानेच शिकवायचं कबूल केलं आणि फ्योर्डच्या खाडीकाठच्या वाचनालयात आमची शिकवणी सुरू झाली. मी बेकरीतून दालचिनीचे पाव न्यायची. हुशार होता हो... पण सरळ एक वाक्य बोलेल तर शपथ! कॉफी घेणार का विचारलं तर "एका बाजूने पाहिलं तर..." असं सुरू व्हायचं.

"म्हाताऱ्याने बटाटे का सोलले?" तो विचारायचा.

"भूक लागली म्हणून."

"मायकेन!"

"बरं बाबा, बरं." मी जरा विचार केला. "हातांना काहीतरी काम हवं म्हणून... नाहीतर ते थरथरताना भावाला दिसले असते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे कुठून आणलंस?"

"मी पीठ मळते. मला माहीत आहे."

"हेच! हेच हवंय!" तो इतक्या जोरात ओरडला की वाचनालयातल्या बाईंनी आम्हाला दटावलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काय घडलं ते सगळ्यांना दिसतं. ते तसंच का घडलं, ते तू सांग." कानाला त्याचा श्वास लागला, आणि त्या दिवसाचा पुढचा धडा काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

संध्याकाळी तो मला थांब्यापर्यंत सोडायला यायचा. त्याची बस समोर उभी, दार उघडं, ड्रायव्हर आमच्याकडे बघतोय... आणि हा म्हणायचा, "चुकली वाटतं आज."

घरी गेल्यावर मी आईला सगळं इत्थंभूत सांगायची. मग तो असं म्हणाला, मग मी तसं म्हटलं, मग त्याची बस चुकली.

"रोज चुकते?" आई विचारायची.

"रोज! नुसता वेंधळा आहे गं."

आई नुसती हसायची.

परीक्षेच्या दिवशी मी गोष्टीची चिठ्ठी उचलली, तयारीच्या खोलीत बसले आणि मग परीक्षेच्या हिरव्या कापडाच्या टेबलापुढे आले. एका बाजूला बिर्गिटे, दुसऱ्या बाजूला बाहेरगावचे परीक्षक. गोष्ट एका शेतगड्याची होती. तो विळ्याला धार लावायला लोहाराकडे जातो आणि धार लावून देते लोहाराची मुलगी.

"मग तो पुन्हा शनिवारी जातो," मी सुरू केलं. "मग ती धार लावते. मग बर्फ पडतं, मग तो पुन्हा जातो, मग—"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. बिर्गिटे खिडकीबाहेर बघू लागल्या. संपलं... आता संपलं सगळं.

आणि तेवढ्यात माझं मलाच ऐकू आलं. बर्फ पडलंय? मग विळा कशाला? बर्फात काय कापणार हा मेला?

"थांबा," मी म्हटलं. "त्याला धार नकोच आहे. धार लागेपर्यंत तिच्यासमोर उभं राहायला मिळतं, म्हणून तो येतो. लेखक हे कुठेच सांगत नाही, पण बर्फ मुद्दाम पाडतो. आणि तिला... तिलाही कळलंय. नाहीतर म्हणाली असती ना, अरे, याला धार आहे की! ती म्हणत नाही. उलट सावकाश धार लावते..."

बोलता बोलता माझे कान तापले. आठवड्यामागून आठवडे कुणाची बस रोज चुकते का? आणि मी तरी एकदा म्हटलं का त्याला, की ती बघ, समोर उभी आहे, चढ!

मार्क ठरेपर्यंत बाहेर थांबायचं असतं. दार उघडलं तर समोर आस्गर उभा.

"कसं गेलं?"

"ते राहू दे. तुझी बस रोज का चुकते?"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे... त्याकडे दोन प्रकारे पाहता येईल. एकीकडे वाहतुकीचं वेळापत्रक, दुसरीकडे..."

"विश्लेषण नको," मी म्हटलं. "ते मी करून आलेय. तू थोडक्यात सांग. एका वाक्यात."

त्याने चष्मा काढला. पुन्हा घातला. मागे दार उघडल्याचा आवाज झाला.

"मायकेन, आत ये," बिर्गिटे म्हणाल्या.

"एक मिनिट, बाई. आधी याचं संपू द्या."

आस्गरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे... आणि डोळे मिटून म्हणाला, "मला तू आवडतेस."

"मलाही तू," मी म्हटलं आणि आत गेले.

परीक्षकांनी दहा मार्क दिले. बारापैकी दहा! सुईणीच्या वाटेतली धोंड गेली होती. मला हसावं की रडावं कळेना.

"एक सांग," परीक्षक म्हणाले. "आधी तू नुसती गोष्ट सांगत होतीस. मग मध्येच एकदम काय झालं तुला?"

"तो बाहेर उभा आहे," मी म्हटलं.