उसना आवाज

बाळा, एक सांग. रात्री दार लावून सगळे निजले आहेत, आतली माणसं मोजून पुरी भरली आहेत, आणि बाहेरून कोणीतरी हाक मारली. विश्वास कोणावर ठेवशील? मोजणीवर की हाकेवर?

लगेच उत्तर देऊ नकोस. उद्या तू सावंतवाडीच्या बोर्डिंगात राहायला जाणार, म्हणून विचारतोय. जानकी, तूही बस इथे, पण कंदिलाची वात तेवढी खाली कर. मामाचं दुकान असलं म्हणून रॉकेल काय विहिरीतून येत नाही.

आपल्या दुकानात काट्यावर असतो तो गुणाजी. दिवसभर माल तोलतो आणि चार शब्द बोलला तर सण. ही गोष्ट त्याची. त्यानेच मला सांगितली, आणि शेवटचं जे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खाडीपलीकडची शाळा तुम्हाला ठाऊक आहे. मी स्वतः चौथीपर्यंत शिकलो, पुढची अक्षरं पोत्यांवरचे छाप वाचून लावली. पण त्या शाळेत माझी ये-जा विद्यार्थ्यांपेक्षा जास्त. बोर्डिंगला नारळ आणि रॉकेल आपल्याकडून जायचं. गावचे चार व्यापारी आणि मुंबईत नोकरीला असलेले लोक, यांनी मिळून ती इंग्रजाच्या अमलात काढलेली. शाळा मुलग्यांचीच, आणि सरकारी ग्रँट घ्यायची नाही हा हट्ट. ग्रँट आली की साहेब तपासायला येणार, साहेब आला की कोंबडा कापावा लागणार, असं जुने विश्वस्त म्हणायचे. त्यापेक्षा मुलांनीच घरून आणावं. शेतकऱ्याचा मुलगा तांदूळ आणी, बागवाल्याचा नारळ. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याने जळणाची मोळी आणली तरी पानावर बसायला मिळे.

रॉकेल वाचवायचं म्हणून तिथे एक रीत पडली होती. रात्री कंदील आधी मालवायचा आणि मोजणी अंधारात करायची. मुलं ओळीने चटईवर आडवी. भिंतीकडचा म्हणे एक, शेजारचा म्हणे दोन, असं शेवटपर्यंत. दारात हरिश्चंद्र मास्तर उभे राहून ऐकत. मास्तर म्हातारे, त्यांना घरदार नव्हतं. निजत तेही मुलांतच. थंडीत एखादं पोर कुडकुडलं तर आपलं तांबड्या काठाचं उपरणं त्याच्यावर घालत आणि दोन्ही कडा अंगाखाली नीट खोचत. छडीही तेच मारत, ते सोडा.

गुणाजी तेव्हा तिथेच शिकत होता, त्याचा नंबर अकरा. बाराव्या चटईवर सहदेव. त्याची आई सत्यवती मासे विकायची. बाप समुद्रात बुडून गेलेला. आता रापणीचं तुम्हाला सांगायला नको. किनाऱ्यावर जाळं ओढताना दोराला जो हात लावील, त्याला वाटा मिळतो, मग तो केवढा का असेना. म्हणून सहदेव अधूनमधून रात्री मागच्या खिडकीतून उतरायचा, खाडी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचा, पहाटे दोर ओढायचा, वाटा आईच्या पाटीत टाकून सकाळच्या घंटेआधी परत. आणि मोजणीत त्याचा नंबर गुणाजी द्यायचा. अकरा आपल्या आवाजात. बारा कांबळ्यात तोंड घालून, जाड आवाजात. पोरं याला उसना आवाज म्हणत. सगळ्याच पोरांनी कधी ना कधी दिलेला. पण पकडला गेला तर ज्याच्यासाठी दिला त्याचं नाव शाळेतून कमी, हा नियम.

चोपन्न सालची मार्गशीर्षातली अमावस्या. उधाणाची भरती चढत होती. सहदेवला पाणी कळत होतं, कोळ्याचाच पोर तो. पण त्या पावसाळ्यात खाडीने आतल्या आत वाट बदलली होती. जिथे वाळू असायची, तिथे चिखल झाला होता.

मोजणी झाली. पुरी भरली. मुलं निजायच्या बेताला आली, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“मास्तरांनू...”

मास्तर उठले. दाराशी गेले. पण दार उघडण्याआधी त्यांनी पुन्हा मोजणी घेतली. एक, दोन, तीन... दहा. अकरा. आणि कांबळ्यातून, बारा. पुढचीही सगळी आली.

मास्तर म्हणाले, “पोरग्यांनू, आपले सगळे आत आसत. भायर हाक मारता तो आपलो न्हय. कोणी ओ देऊ नकात.”

अमावस्येला देवचार ओळखीच्या आवाजात हाक मारतो, हे इथलं लहान पोरसुद्धा सांगेल. मास्तरांनी अडसर घातला.

गुणाजीने आवाज ओळखला होता. पण त्याला वाटलं, पाणी जास्त म्हणून सहदेव परत फिरला असेल, नेहमीसारखा मागच्या खिडकीशी येईल. खरं सांगितलं तर बिचाऱ्याचं नाव कमी होईल. तो खिडकीची कडी काढून जागा राहिला. हाक आणखी एकदा आली. मग भरती पुरी झाली... मग नाही आली.

सकाळी ओहोटीला सहदेव सापडला. कांदळाच्या मुळांत, कमरेपर्यंत चिखलात.

सत्यवती आली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “मास्तरांनू, माझ्या झिलाची हाक कोणाकच ऐकाक इली नाय?”

मास्तर म्हणाले, “माका इली.”

बस. मोजणी पुरी भरली होती, हे त्यांनी तिला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. आपणच ऐकायला चुकलो असं धरून बसले. पुढच्या वर्षी तापात गेले. शेवटच्या दिवसांत अंथरुणावर मोजत असायचे. अकरापर्यंत यायचे, थांबायचे, पुन्हा एकपासून. गुणाजी दाराआड उभा राहून ऐकायचा. आत जाऊन सांगायचं एवढंच होतं. जमलं नाही. सरणाची लाकडं माझ्या वखारीतली. तांबड्या काठाचं उपरणं त्यांच्या अंगावरच जळलं, मी तिथे होतो.

आता गेल्या वर्षीचं. शाळेची नवी इमारत झाली, बोर्डिंग तिकडे गेलं. जुने तांब्याचे हंडे मी विकत घेतले. एवढ्या वजनाची होडी तिथल्या धक्क्याला लागते ती उधाणालाच. म्हणून दिवस अमावस्येचा आला, मार्गशीर्षातलीच, शनिवार. दुपारच्या भरतीला गुणाजीला तिकडे उतरवलं. त्याने भांडी बांधून ठेवायची, रात्री तिथेच निजायचं, दुसऱ्या दुपारी मी होडी घेऊन येणार. तो नको म्हणाला नाही. त्याला नको म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. पण का, ते तेव्हा माहीत नव्हतं.

रात्री जेवून त्याने अडसर घातला. दिवाणखान्याएवढी ती रिकामी खोली. चटई टाकली ती सवयीने अकराव्या जागेवर. दिवा मालवला.

भिंतीकडून आवाज आला. “एक.”

लहान मुलाचा.

“दोन.”

गुणाजी उठून बसला. काही दिसत नव्हतं. आवाज जागेजागेने पुढे येत होता. आठ. नऊ. दहा तर कानाजवळ, श्वास लागेल इतका.

मग शांतता.

त्याची पाळी होती. तो म्हणाला, “अकरा.”

बारा कोणी म्हणेना... दाराशी कोणीतरी उभं होतं. वाट बघत.

पुन्हा भिंतीकडून. एक. दोन. पुन्हा अकरापर्यंत. पुन्हा शांतता.

आणि बाहेर, खाडीकडून...

“मास्तरांनू...”

तोच आवाज. एक वर्षानेही न वाढलेला.

गुणाजी मला म्हणाला, भाई, माझो घसो आपसूक जाड झालो. बारा म्हणायचं, की सगळं थांबेल. कांबळं तोंडापर्यंत आलंसुद्धा होतं.

त्याने ते खाली ओढलं.

“बारा नाय, मास्तरांनू. बारा भायर आसा. आवाज माझो होतो.”

काही नाही.



मग अडसर निघाला. सावकाश. दार उघडलं. थंड वारा आत आला, चिखलाचा वास आला. पावलं पायऱ्या उतरली, खाडीकडे गेली. धावत गेली. म्हाताऱ्या माणसाची धाव कळते.

गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मागे काय आलं, कोण आलं... त्याने पाहिलं नाही.

दुपारी मी पोचलो, तेव्हा दार सताड उघडं होतं. हंडे बांधलेले. गुणाजी पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. मी आत गेलो. बाराव्या जागेवर तांबड्या काठाचं उपरणं पसरलेलं होतं. ओलं, खारट वासाचं. दोन्ही कडा आत खोचलेल्या, निजलेल्या पोराच्या अंगाखाली खोचतात तशा. मी ते उचललं. खाली कोणी नव्हतं. जमीन तेवढी ओली होती. बाळा, तुझ्याएवढ्या लांबीची.

उद्या तुझीही मोजणी होईल. शेजारचा म्हणेल, आजच्या रात्रीपुरता माझा आवाज दे. दोस्ती कर, भाकरी अर्धी दे, त्याच्यासाठी मार खा. पण माणसांचो हिशोब खरो ठेव रे. जो भायर आसा, तो भायर आसा म्हणान सांग.