रेसची केबल

रेड्याचं मडगार्ड उतरवताना वहिनीने पहिला स्क्रू खिशात टाकला, दुसरा दातांत धरला, आणि तिसरा हातातून निसटून गवतात गेला तेव्हा नवऱ्याच्या साऱ्या खानदानाचा मनातल्या मनात उद्धार केला. स्क्रू सापडला. तोवर राग गेला होता, भूक लागली होती आणि काम अजून सुरूही झालं नव्हतं.

रेडा म्हणजे त्यांची डोंगरगाडी. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, पुढेमागे लोखंडी कॅरिअर. वरच्या पठारावर दोघा भावांनी पाहुण्यांसाठी तंबू लावले होते, आणि पाण्याचे कॅन, गाद्या, शेगड्या, सगळा संसार या रेड्याच्या पाठीवरून वर जायचा. त्याला रेस द्यायला मूठ पिळावी लागत नसे. उजव्या मुठीखाली एक छोटी लिव्हर होती, ती अंगठ्याने दाबायची. दाबली की गाडी पळते, सोडली की स्प्रिंग लिव्हरला मागे ढकलते. सगळा कारभार एका अंगठ्यावर चालायचा.

नवऱ्याचा तोच अंगठा आता नव्हता. कड्याकडच्या वळणावर त्याने लिव्हर सोडली, तरी गाडी थांबायच्या ऐवजी उसळून पळाली. त्याने हँडल डोंगराच्या बाजूला मारलं म्हणून दरीत गेला नाही, पण गाडी उलटली आणि उजवा हात हँडल आणि खडक यांच्यात सापडला. जिवावरचं अंगठ्यावर निभावलं, असं भेटायला येणारे म्हणत. म्हणणाऱ्यांचे दोन्ही अंगठे जागेवर असल्यामुळे त्यांना ते सोपं जाई.

तेव्हापासून नवरा पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसे. खिडकीतून वर जाणारी कच्ची वाट कड्यापर्यंत दिसे. त्याचं बोलणं कमी झालं होतं, पण एक वाक्य मात्र ठरलेलं होतं. "गाडी आपोआप पळत नसते. केबलला कुणाचा तरी हात लागलाय." नाव तो कधी घेत नसे. फक्त धाकटा भाऊ खोलीत असला तरच हे बोले. धाकटा मान खाली घालून जेवे आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून जाई. हसतं-खेळतं घर होतं. आता भांडं पडलं तरी सगळे आधी एकमेकांकडे बघत.

वहिनी लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायची. तेलाने हात काळे झाले तर तिचं काही अडत नसे. गाडी मेकॅनिककडे नेली असती तर त्याने केबल बदलली असती आणि गावभर बोभाटा केला असता. म्हणून तिने स्वतःच रेडा उघडायचं ठरवलं. केबलला कुणाचा हात लागलाय, हे तिला तिच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

ते दिसायला वेळ लागला नाही. केबल हँडलच्या नळीच्या चुकीच्या बाजूने ओढून घेतली होती आणि लोंबू नये म्हणून काळ्या नाडीने नळीला करकचून बांधली होती. वहिनीने इंजिन सुरू केलं, रेसला हातही न लावता हँडल पूर्ण वळवलं, आणि रेडा जागेवर डरकाळला. हँडल सरळ केलं, शांत झाला. वळणावर हँडल वळलं की केबल ताणली जायची आणि रेस आपोआप मिळायची. भुताची गोष्ट नव्हती, घातपातही नव्हता. घरच्या घरी केलेली घाईची दुरुस्ती होती, एवढंच.

नाडी तिच्याच शिवणाच्या डब्यातली होती. गाठही तिच्या ओळखीची होती. तंबूच्या दोऱ्या, गोण्यांची तोंडं, तिच्या माहेरी जायच्या पेटीचं तुटलेलं कुलूप, सगळीकडे तिने ती गाठ बघितली होती. दोनदा फिरवून शेपूट आत खोचायची नवऱ्याची सवय होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिने गाठ न सोडता नाडी कात्रीने कापली आणि ब्लाउजात ठेवली. घरात येऊन म्हणाली, केबल गंजली होती.

नवऱ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तार कुणी कापलेली दिसली का, विचारलं. ती नाही म्हणाली. नीट बघायला हवं होतं, असं म्हणून त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. अंगठा गेलेल्या माणसाच्या हातात आणखी त्याची चूक कशी ठेवायची, हे तिला कळेना. जखम सुकली की सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. धाकट्याची मान तोवर खालीच राहणार होती, हेही तिला दिसत होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं.

नवी केबल आली, रबर चढवलेली नवी लिव्हर आली. वहिनीने केबल योग्य बाजूने, सैल वळण देऊन नेली, तेल सोडलं, लिव्हर दाबून सोडून पाहिली. टिक् करून मागे येत होती. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं, इंजिनाचा आवाज तसूभर बदलला नाही. शेडला कुलूप लावून तिने किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. पाहुण्यांच्या दिवसांना अजून आठवडाभर अवकाश होता. तोपर्यंत गाडीला कुणीच हात लावायचा नाही, असं तिने जाहीर केलं.

दोन-तीन दिवसांनी ती धूळ पुसायला शेडमध्ये गेली तेव्हा नवं रबर झिजलं होतं.

थोडंथोडकं नाही. मध्ये गुळगुळीत खळगा पडला होता, डावीकडे कललेला, आणि कडेला नखाने पडावी तशी खाच होती. वर्षभर वापरलेल्या रबराची अशी दशा होते. तिने भंगाराच्या डब्यातून जुनी लिव्हर काढून शेजारी धरली. तोच खळगा, तीच खाच. तंबूची मेख ठोकताना नवऱ्याच्या अंगठ्याचं नख चिरलं होतं, ते पुढे तसंच चिरलेलं वाढत राहिलं, त्याची ती खाच.

तिने इंजिनाला हात लावला. थंड होतं. टाकीतलं पेट्रोल होतं तेवढंच होतं. चाकांना माती नव्हती. कुलूपही शाबूत होतं.

इथे तिच्या मनात पाल चुकचुकली. धाकट्याकडे दुसरी किल्ली असेल का? जुन्या लिव्हरसारखं नवं रबर कुणी मुद्दाम घासून ठेवलं असेल का, दादाला वेड लागावं म्हणून? तंबूंचा धंदा मग एकट्याचाच. संध्याकाळी जेवताना ती धाकट्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने हात मांडीखाली घेतले. चोराच्या मनात चांदणं, असं तिला वाटलं. वाटल्यावर लाजही वाटली, कारण नाडी तिच्याकडेच होती.

त्या रात्री नवरा म्हणाला की अंगठा दुखतोय.

"कुठला?"

"जो नाही तो."

असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गेलेलं बोट शिरांना लवकर पटत नाही. तिने तेच त्याला पुन्हा सांगितलं. तो हसला. म्हणाला, दुपारी डोळा लागला की तो वाकतो. वाकून कशावर तरी दाबतो. काहीतरी मऊ लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या हाताचं ड्रेसिंग बदललं. दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं होतं तसं औषधाचं कापड जखमेवर ठेवून वर पट्टीचे वेढे घेतले आणि टोक चिकटपट्टीने बंद केलं. पुढचं ड्रेसिंग एक दिवसाआड, म्हणजे परवा.

ड्रेसिंग बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपड्यावर खुणा करायचा निळा खडू घेतला, किसून त्याची पूड केली आणि लिव्हरच्या रबरावर बोटाने दाबून बसवली. हा खडू कपड्यावरून झटकला जातो, पण कातडीच्या रेषांत बसला की साबणालाही दाद देत नाही. हे कारखान्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. शेडला तिने कुलूप लावलं. त्या दिवशी धाकटा नव्या ताडपत्र्या आणायला पहिल्या बसने तालुक्याला गेला होता, तो दिवेलागणीला परतला. ती उतरत्या उन्हात शेडमध्ये जाऊन आली होती. रबरावरच्या खडूत एक लांबट, साफ पुसलेली जागा होती. तिथे कुणीतरी अंगठा ठेवला होता.

धाकट्याला तिने पाण्याचा तांब्या दिला तो हात बघण्यासाठीच. त्याचे तळवे ताडपत्र्यांच्या धुळीने मळले होते. निळं काही नव्हतं. आणि तो दिवसभर इथे नव्हताच. वहिनीच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग हे केलं कुणी, हा विचार तिने त्या रात्रीपुरता बाजूला ढकलला. एकावरचा संशय फिटला, तेवढंच तिला पुरेसं होतं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर धाकटा दारात येऊन म्हणाला, "वहिनी, उद्या पाहुणे येतायत. वर पाणी नाही," तेव्हा तिने गळ्यातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. लिव्हर पुसून दिली. शेडबाहेर हँडल दोन्हीकडे वळवून दाखवलं. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. कॅन बांधून तो वाटेला लागला, आणि ती ड्रेसिंगचं सामान घेऊन नवऱ्यासमोर बसली.

खिडकी उघडी होती. गाडीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"धाकटा गेला?" नवऱ्याने विचारलं.

"गेले भावोजी."

"कॅन भरलेले?"

"भरलेलेच नेणार ना."

"म्हणजे मागे वजन आहे," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

ती पट्टी सोडवू लागली. चिकटपट्टी तिने लावली होती तशीच होती. एकेक वेढा निघत गेला. बाहेरचे पांढरे होते, त्याच्या आतलेही पांढरे होते. मग जखमेवरचं कापड आलं. ते तिने स्वतः ठेवलं होतं, खडूची पूड केली त्याच्या आदल्या दिवशी.

कापडाच्या आतल्या बाजूला निळा ठसा होता. लांबट, डावीकडे कललेला. कडेला खाच.

तिने तो बोटाने घासला. गेला नाही.

बाहेर गाडीचा आवाज चढला.

तिने वर पाहिलं. धाकटा अजून वळणापाशी पोचत होता, पाठमोरा, उभा राहून हँडल धरलेला. तिथे सगळे रेस सोडतात. आवाज आणखी चढला.

नवऱ्याचा हात तिच्या मांडीवर उघडा पडला होता. अंगठ्याच्या मुळाशी असतो तो मांसाचा उंचवटा हळूहळू फुगत होता. अंगठा वाकवताना फुगतो, तसाच.

तिने काहीच नसलेली ती जागा पकडली.

तिची मूठ मिटली नाही.

"अहो, सोडा."

"काय सोडू?" त्याने डोळे उघडले नाहीत.

"केबल तुम्हीच बांधली होती. नाडी आहे माझ्याकडे. गाठ तुमचीच आहे. भावोजींनी काही केलेलं नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. शांतपणे, लहान मुलाला समजावतात तसं.

वर चाकाखालचे दगड सुटून घरंगळल्याचा आवाज आला. वहिनीने दोन्ही हातांनी पकडलं, पाय खुर्चीला टेकवले आणि जीव खाऊन मागे ओढलं. मुठीत कुणीतरी नेट लावत होतं. मग ते हललं. रुतलेली सुई कापडातून निघावी तसं थोडं थोडं मागे आलं.

आवाज उतरला. एकदम उतरला आणि धडधडत राहिला.

वाटेवर धाकटा थांबला होता. एक पाय जमिनीला टेकवून त्याने वळून घराकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि सावकाश पुढे गेला.

तो परत येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. नवरा घोरू लागला होता. गाडी खिडकीखाली येऊन बंद झाली. धाकटा दारात आला आणि दोघांना हातात हात घालून बसलेलं बघून ओशाळला.

"गाडी झकास झालीय वहिनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "वळणावर जरा हट्टाला पेटली, मग आपोआप सोडलं तिने. उद्या पाहुण्यांना बसवूनच वर नेतो. चारदोन फेऱ्या होतील."

तो हात धुवायला मागे गेला. तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. नवऱ्याचा श्वास संथ चालला होता, तोंड किंचित उघडं होतं, झोपेत माणूस निरागस दिसतो तसा तो दिसत होता. तिने मूठ जराशी सैल केली.

खिडकीखाली, बंद गाडीची लिव्हर टिक् करून वाजली.

तिने पुन्हा मूठ आवळली. ती पूर्ण मिटली नाही.