क्लेअरचा कॉम्प्युटर

दर्शना माझी मावसबहीण. तिला भुताखेतांचं वेड नाही. म्हणूनच हे सांगतेय.

गेल्या वर्षीची गोष्ट. नाताळ तोंडावर आलेला. गिरगावातल्या खोताच्या वाडीत, ऐन संध्याकाळी घडलेली.

दर्शना घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. वाडीतल्या मेबल आंटींचा कॉम्प्युटर सुरू झाला की पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद पडायचं. त्यांची एकुलती एक लेक क्लेअर तापाने गेली होती. तिचे सगळे फोटो त्यातच.

"फोटो तेवढे वाचव गो बाय," आंटी म्हणाल्या.

दर्शनाने तो सेफ मोडमध्ये चालू केला. म्हणजे अगदी गरजेपुरता. त्यात आवाजसुद्धा नसतो.

दोष लगेच सापडला. अँटिव्हायरसच्या नव्या अपडेटमधली ड्रायव्हरची फाईल. तीच कॉम्प्युटर बंद पाडत होती.

ती फाईल बाजूला काढणार, तेवढ्यात...

स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला.

"मम्मी... खिडकी लाव ना. थंडी वाजते."

आंटी निमूट उठल्या. खिडकी लावून आल्या.

दर्शनाने स्पीकरची वायर बघितली...

ती लोंबकळत होती. कुठेच जोडलेली नव्हती.

घाबरून तिने फाईल काढली. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

सुरळीत चालला. फोटो दिसले. क्लेअर हसत होती.

पण स्पीकरमधून आता काहीच येईना.

आंटी स्पीकरला कान लावून बसल्या. "निळा पडदा यायच्या आधी बोलायची रोज. मला वाटलं, मलाच भास होतात. तू पण ऐकलंस ना?"

दर्शनाने मान डोलावली.

"मग पुन्हा बिघडव."

"आंटी, असं..."

"बिघडव ना गो!"

दर्शनाने फाईल परत जागेवर ठेवली.

पुन्हा निळा पडदा.

त्याआधी काहीच आवाज नाही.

सेफ मोड लावला. तिथेही नाही.

आंटींनी खिडकी सताड उघडली. गार वारा आत आला. दोघी वाट बघत बसल्या.

खिडकी लावायला कुणी सांगितलं नाही.

शेवटी आंटीच म्हणाल्या, "जा तू. घरी वाट बघत असतील."

दर्शना लाकडी जिना उतरत होती. वरून आंटींचा आवाज आला. त्या बोलत होत्या... थांबत होत्या... मग "हो राजा" म्हणत होत्या.

दर्शनाने कान दिला. तिला दुसरं कुणी ऐकू आलं नाही.

पुन्हा वर जायचा तिला धीर झाला नाही.

आंटींनी नंतर कधी फोन केला नाही. दर्शनानेही नाही.