मागच्याची घंटी

नवरा रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अंथरुणात उठून बसतो आणि भिंतीकडे बघत राहतो, हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आधी वाटलं पित्त. मग वाटलं दुसरी कुणीतरी असावी. मग मोबाइलवर शोधून तिने त्याला तीन आजार चिकटवले आणि त्यातले दोन स्वतःलाही झालेत की काय, या विचाराने जागी राहिली. विचारलं मात्र नाही. शिकलेली बाई, पण तोंडाला कुलूप.

त्या मंगळवारी नवरा पंपघरावर रात्रपाळीला होता. साडेनऊला वीज गेली. सायकलदुरुस्तीचं दुकान बंद करून आलेले सासरे पायरीवर बसून नखांतलं ग्रीस काढत होते. सहा वर्षांच्या लेकीने नेहमीचं तुणतुणं लावलं.

"आजोबा, तुमच्या दुकानात ढीगभर घंट्या. माझ्या सायकलला एक बसवा ना. बाबा नको का म्हणतात?"

सासऱ्यांनी हात धोतराला पुसले. "माझ्या ओळखीच्या एकाची गोष्ट सांगतो. खरी आहे."

"झोपायच्या वेळी भुतंखेतं नकोत हं," ती म्हणाली, आणि लेकीला मांडीवर घेऊन स्वतःच सरसावून बसली.

"हा ओळखीचा आणि त्याचा दोस्त, एका ताटात जेवणारे. आठ वर्षांपूर्वी दोघांना पाणीखात्यातून बोलावणं आलं. जागा एकच. मुलाखत सकाळी सातला, डोंगरापलीकडे. रस्ता खचलेला, गाड्या बंद. मग सोळा नोव्हेंबरच्या रात्री अकराला दोघे गियरच्या सायकलींवर जंगलवाटेने निघाले. 'तुला लागली तर पहिला पगार माझा,' अशी थट्टा चाललेली. वाट अरुंद. पुढे हा, मागे दोस्त. ह्याच्या सायकलला घंटी नव्हतीच, वजन नको म्हणायचा. दोस्ताला होती. ठरलं असं, की प्रत्येक वळणावर मागच्याने एकदा वाजवायची. म्हणजे, आहे मी."

पाणीखातं ऐकून तिचा हात लेकीच्या केसांत थांबला.

"दोन वाजून दहा मिनिटं. मागे काहीतरी आपटलं. दगड घरंगळले. मग हाक... ह्याने ब्रेक दाबला. पाय टेकला."

सासरे थांबले.

"मग?" लेकीने विचारलं.

"जागा एकच होती, पोरी."

सासऱ्यांनी पुन्हा नखं कोरायला घेतली.

"पाय परत पेडलवर. पुढचं वळण आलं. मागे टिंग. ह्याला बरं वाटलं. उठला, येतोय. पुढचं वळण... टिंग. जरा जवळ. मग वळणं संपली. सरळ वाट. तरी टिंग. अगदी कानाशी... ह्याने मागे बघितलं नाही. उजाडेपर्यंत नाही."

"आणि दोस्त?" आता तिने विचारलं.

"दरीत सापडला. पडल्यावर तासभर जिवंत होता, डॉक्टर म्हणाले. ह्याने सगळ्यांना सांगितलं, मला काही ऐकूच आलं नाही. खरं काय ते एकदा माझ्यापाशी बोलला, रडत. नोकरी लागली. लग्न झालं."

नोकरी पक्की आहे, एवढ्यावरच तिच्या वडिलांनी स्थळाला होकार दिला होता.

"दोस्ताची सायकल माझ्याकडेच आणली. सगळं जागेवर. घंटी तेवढी नाही. चार दिवसांनी हा आपली सायकल घेऊन दुकानात आला... तर ती ह्याच्या हँडलला. स्क्रू गंजून धरलेला, वर्षानुवर्षं तिथेच असावा तसा. मीच पाना लावून काढली."

"कुठंय ती?"

"विहिरीत टाकली." सासरे सुनेकडे बघत नव्हते. "दोनदा."

लेक मांडीवरून उठली. भ्यायली वगैरे नव्हती. उलट, आपल्याला माहीत असलेलं मोठ्यांना माहीत नाही, याची तिला गंमत वाटत होती.

"ती घंटी बाबांच्या कपाटातल्या डब्यात आहे," ती म्हणाली. "रात्री वाजते. आईलाच ऐकू येत नाही. मी उठले की बाबा म्हणतात, मागे बघू नकोस."