बिल्ला नसलेली माणसं

वीज गेली, गिरणीची घरघर एकाएकी थांबली, आणि आवाज चढवून बोलणाऱ्या दोन बायांचं अर्धं वाक्य तेवढं उघड्यावर पडलं.

“…रिकामीच सुटता म्हणे, पण मधल्या पाण्यात गेली की भरल्यासारखी बसता. ती सातय जणां अजून थंयच…”

पुढचं त्यांनी गिळलं. कारण दारात सुलोचना उभी होती, नाचणीचा डबा कमरेवर घेऊन.

सुलोचनेला अर्धी गोष्ट पचत नसे. चौथी मराठी शिकलेली, पन्नाशीला टेकलेली बाई; पण वाड्यावर कोणाकडे पाहुणा आला, कोणाची गाय आटली, कोणाच्या सुनेने माहेरी पत्र टाकलं, सगळं तिला ठाऊक. मनाने मात्र मऊ. कोणाला ताप आला की पेजेचं भांडं घेऊन पहिली तीच पोचायची. जाताजाता ताप कशाने आला तेही विचारून घ्यायची, एवढंच.

“काय गो सुमंगला, खंयची सात जणां?”

“काय नाय गो वैनी. आमचां आपलां असांच.”

“असांच काय? सांग मगे!”

सुमंगलेने पदर सावरला. “तुका सांगून काय करू? तुज्या देवेशाक कंपनीन कामाक घेतलो ना? मगे त्याकाच विचार.”

दुसरी बाई पदराआड हसली. सुलोचना एरवी लेकावरचा असला टोमणा सव्याज परतवायची. त्या दिवशी ती पीठ न दळताच घरी आली.

खारवटीच्या धक्क्यावरून पलीकडे डिचोलीच्या काठाला एका खाजगी कंपनीची लाँच जाई. सरकारी फेरीबोट होती ती चार मैलांवर. कंपनीची रीत अशी, की चढताना प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा आणि पलीकडे उतरताना तो पेटीत टाकून घ्यायचा. परवाना चाळीस माणसांचा, म्हणून बिल्ले चाळीसच पाडलेले. ते संपले की फळी ओढून घ्यायची. पण तसं कधी होत नसे. तांडेल ओरडायचा, “बिल्ला नाय ते मागे बसा!” आणि लोक बसायचे. कोणाला बाजार गाठायचा असे, कोणाला पाळीच्या खाणीवरचं काम. लाँचच्या अंगावर एक पांढरा पट्टा रंगवलेला होता. तो पाण्याखाली गेला तर भार जास्त झाला, असं समजायचं. समजत सगळ्यांनाच होतं.

गोवा राज्य होऊन वर्ष झालं होतं. श्रावणात, नदीला खाणीकडचं लाल पाणी उतरलेलं असताना, लाँच मधोमध कलंडली. बिल्लेवाल्यांतले तिघे गेले, बाकीचे वाचले. मागे इंजिनापाशी कोंबलेल्यांतलं कोणी वाचलं नाही. पावसाची ताडपत्री मध्ये ओढलेली. मागे कोण होतं ते पुढच्यांनी पाहिलंच नव्हतं. ओहोटीने ती माणसं समुद्राकडे नेली.

कंपनी म्हणाली, चाळीस बिल्ले दिले, चाळीस माणसं होती. ज्याला बिल्ला नाही तो आमच्या लाँचवर नव्हता.

सुलोचनेच्या शेजारच्या पद्मावतीची गौरवी त्यांच्यातच होती. एकोणीस वर्षांची, एकुलती एक, डिचोलीला शिवणकाम शिकायला जाणारी. कंपनीचे मॅनेजर सगुणशेट चार लोकांत म्हणाले होते, “तरणी पोर. पळून गेली असेल कोणाबरोबर. आमच्या माथ्यार कित्याक?” मुलीमागोमाग तिचं नावही गेलं. पद्मावती रडायची थांबली ती त्या दिवसापासून. रात्रभर तिच्या घरात दिवा जळे.

आणि त्या दिवशी धक्क्यावर सुलोचना होती. चढणाऱ्या प्रत्येकाशी बोलत, कुठून आलात, कुठे चाललात, विचारत. कोण कोण बिल्ल्याविना चढलं ते तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. सगुणशेट आठवड्याने घरी आले, चहा प्याले, म्हणाले, “वैनी, एवढ्या गर्दीत तुमी काय बघितलां आसतलां? तुमचो देवेश अजून घरीच आसा मां?” पुढच्या सोमवारी देवेश धक्क्याच्या खिडकीत बिल्ले वाटायला बसला. आणि सुलोचनेने जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट पोटात ठेवली.

नवरात्र सरलं. मामलेदारांनी पेडण्याला चौकशी लावली, गुरुवारची. पद्मावती कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

“वैनी, तू त्या दिशी धक्क्यार हुती. येशीत पेडण्याक?”

“बघतंय गो,” सुलोचना म्हणाली आणि नजर चुकवून वाल तोडत राहिली.

बुधवारी तिने एक काम काढलं. पद्मावतीचे गुडघे सुजले होते. पलीकडच्या गोकुळदास वैद्यांचं तेल आणून द्यावं. तेवढंच मनाला बरं वाटलं असतं. जाताना ती फेरीबोटीने वळसा घालून गेली. येताना आभाळ भरून आलं, पाय दुखू लागले, आणि चार वाजता समोर कंपनीची दुसरी लाँच लागलेली दिसली. अपघातानंतर तिच्यात कोणी फारसं बसत नसे.

लाँचवर तिघंच होती. सुकाणूवर जयवंत तांडेल, पुढच्या बाकावर छत्री मांडीत धरून सगुणशेट, आणि ती. सुलोचनेने चढण्याआधी वाकून पाहिलं. पांढरा पट्टा पाण्याच्या हातभर वर, कोरडा ठणठणीत. उगाच बायकांच्या गप्पा, तिला वाटलं. तिला हसूच आलं.

लाँच सुटली. वारा पडला होता. डिझेलचा वास, चिखलाचा वास… आणि मग आणखी एक वास, ओल्या केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा. सुलोचनेने आपल्या वेणीला हात लावला. तिचे केस कोरडे होते.

इंजिनाचा आवाज जड झाला. चढावर लागलेल्या ट्रकासारखा.

मागच्या बाकाची फळी करकरली. थोड्या वेळाने दुसरी. ती वळली नाही. दोन्ही काठ सारखेच दूर दिसू लागले होते, आणि पाणी… पाणी जवळ आलं होतं. बसल्या जागेवरून हात लांबवला तर बोटं बुडतील इतकं. पट्टा केव्हाच दिसेनासा झाला होता. लाल पाण्याची एक जीभ कडेवरून आत आली आणि तिच्या चपलेखाली पसरली.

“जयवंता…” ती पुटपुटली.

“रोज असांच होता वैनी. ह्याच जाग्यार.” त्याच्या कपाळावर घाम होता. “पण आज जास्तच बसली.”

“किती जणां आसत रे?”

“माका कसां कळतलां?” जयवंताचा आवाज फाटला. “मी त्यांका मोजूंकच नाय.”

सगुणशेट छत्री घट्ट धरून पुढेच पाहत होते. “काय एक नाय. भरतीचां पाणी. चालव तू.”

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. त्या शांततेत मागून ठिबक ऐकू येऊ लागली. ठिबक… ठिबक… एकाच जागेवरून नव्हे. वेगवेगळ्या जागांवरून.

“वैनी,” जयवंत कुजबुजला, “तू सगळ्यांकडे उलयत हुती. तुका ठाऊक आसा. आता तरी सांग, कोण कोण हुती ती.”

घोट्यापर्यंत पाणी आलं. सुलोचनेने डोळे मिटले. ओठ सुकले होते, पण आठवण ओली होती. एकेक चेहरा टोपलीसकट समोर आला.

“शेवंता,” ती म्हणाली. “भाजीवाली शेवंता. कोरगावची.”

मागे एक बाक करकरला, आणि लाँच बोटभर वर आली.

“गप्प रवा!” सगुणशेट किंचाळले. “कोणाक विचारून…”

“अनंत. पोस्टमनाचो भाऊस. जयराम शिंपी.” लाँच वर आली, पुन्हा वर आली. पाणी कडेवरून मागे सरकलं. सुलोचना आता रडत होती, पण थांबत नव्हती. “बाळप्पा. बेळगावकडचो, खाणीर कामाक हुतो. त्याची बायल यल्लव्वा. माका म्हणाली, उद्या पोराचां जावळ काढूचां आसा…” ती थांबली. “यल्लव्वाच्या कडेवरचां तान्हां. त्याचां नाव माका ठाऊक नाय रे. तान्हां… यल्लव्वाचां.”

लाँच थोडीशी हलली. अगदी थोडीशी. एवढ्याशा जिवाचा असून असून भार किती असणार.

मग सातवं. सगळ्यात शेवटी ठेवलेलं.

“गौरवी. माज्या शेजारची. पद्मावतीची गौरवी.”

काहीच झालं नाही.

तिने पुन्हा नाव घेतलं, मोठ्याने. लाँच हलली नाही. सुलोचनेने वाकून पाहिलं. पांढरा पट्टा पाण्याच्या हातभर वर होता, निथळत. वर यायला काही उरलंच नव्हतं. खोबरेलाचा वास गेला होता. जयवंताने दोरी ओढली, इंजिन लागलं, आणि लाँच रिकाम्या डब्यासारखी धक्क्याला आली. सगुणशेट कोणाशी न बोलता उतरले. छत्री लाँचवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या कचेरीत जबाब मराठीत लिहायचा की कोंकणीत, यावरून कारकुनाने पाव तास घालवला. “कशातय लिही बाबा,” सुलोचना म्हणाली, “नावां तींच रवतली.” तिने सातही जणं सांगितली. कोणी काय नेसलं होतं, कोणाच्या टोपलीत काय होतं, तेसुद्धा. मामलेदारांनी विचारलं, “गौरवीला लाँचवर चढताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?” ती म्हणाली, “व्हय. फळीवरसून गेली. मागे बसली.” ते खरंच होतं. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. कोणी विचारलीही नाही. जयवंताने मान खाली घालून कबूल केलं, की चाळीसवर माणसं घ्यायचा कंपनीचा हुकूमच असे. संध्याकाळच्या आत धक्क्याला कुलूप लागलं. देवेशाची नोकरी गेली ती गेलीच.

बसमधून उतरून ती तशीच पद्मावतीकडे गेली. दिवेलागणीची वेळ. पद्मावती उंबऱ्याशी बसली होती. ओसरीत एक लाकडी बाक आणि एक वेताची आरामखुर्ची. सुलोचना बाकाच्या टोकाला टेकली, तेलाची बाटली पुढे केली.

“नाव चढलां गो यादीत. आता कोण काय बोलूचां नाय. सगुणशेटाचां तोंड बघूक होयां हुतां तुवें.”

पद्मावतीने मान हलवली. बाटली उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाली, “जयवंत येऊन गेलो. म्हणालो, नावां घेतली तशी लाँच वर येत गेली… माज्या गौरवीचां घेतलां तेव्हा?”

सुलोचनेला ती न हललेली लाँच आठवली. पण आईला दुसरं काय सांगणार?

“आली गो. सगळ्यांत जास्त आली.”

पद्मावतीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

“नाय वैनी. कशी येतली? त्यांका घरची वाट दाखवणारां कोण नव्हतां, म्हणून ती थंय बसली.” तिने आरामखुर्चीकडे नजर वळवली आणि आवाज आणखी खाली आणला. “माजी पहिल्याच दिशी घरी आली.”

सुलोचनेने तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. आरामखुर्चीत कोणी नव्हतं. पण वेताची बैठक मधोमध खाली दबलेली होती, कोणी टेकून बसावं तशी.

“ती माका सगळां सांगता,” पद्मावती म्हणाली. “त्या दिशी बिल्ले सोपले बघून ती मागे फिरलेली. तू तिका म्हणालीस, ‘जा गो, तू हलकी. तुज्यान काय लाँच बुडता?’”

फळीच्या तोंडाशी तेव्हा गौरवी आणि सुलोचना, दोघीच होत्या. हे शब्द सुलोचनेने जयवंताला सांगितले नव्हते, मामलेदारांना नाही, देवापुढेसुद्धा नाही.

“पद्मा… मी… माका वाटलां…”

“राग नाय तिका,” पद्मावती म्हणाली. “रोज विचारता फक्त, सुलूवैनी अजून कित्याक येवंक नाय?”

वेत कुरकुरला. दबलेली बैठक हळूहळू वर आली आणि सपाट झाली.

मग सुलोचना बसली होती त्या बाकाचं दुसरं टोक हलकेच खाली गेलं.